उलटा हात

पुण्याच्या पोरांनी त्यांना ‘कॅरेक्टर’ म्हटलं की माझं टाळकं अजून सटकतं. ‘काय कॅरेक्टर आहे यार तुमचे ते वायरमननाना!’ अरे, कॅरेक्टर नाटकात असतं. पडदा पडला की तोंड धुऊन घरी जातं. हा माणूस सगळी नोकरी वेल्ह्याच्या विजेच्या खांबांवर चढला, सुट्टीच्या दिवशी कड्यांवर चढला, आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या एकालाही कधी झोळीत घालून आणावं लागलं न्हाई. तुमच्यात आहे असा कोण? न्हाई, सांगाच.

मला एवढा राग का येतो, ते खरं शेवटी सांगायचं होतं. पण दम धरवत न्हाई. त्यांना कॅरेक्टर केलं ते मीच. कसं, ते येईलच पुढं.

नाव सांगत न्हाई. सांगितलं तर वेल्ह्याकडच्या पालीहून भोरला येऊन कानाखाली देतील, आणि ती पण उलट्या हातानं. कारण नाना कुठल्याही गोष्टीला पहिला उलटाच हात लावायचे. वायरमनची सवय. उघड्या तारेला तळहात लागला तर मूठ आवळती आणि माणूस चिकटतो. हाताची मागली बाजू लागली तर झटक्यानं लांब फेकला जातो. म्हणून आधी उलटा हात. रिटायर झाले तरी सवय गेली न्हाई. चहाच्या पेल्याला उलटा हात. एसटीच्या दांड्याला उलटा हात. पुतणीला मुलगा झाला, सगळे ‘नाकावर कुणाच्या गेलाय’ करत होते, नानांनी गालाला उलटा हात लावला आणि म्हणाले, ‘ठीक हाय. करंट हाय.’

कड्यावर तर विचारूच नका. हाताला खाच दिसली की तुमची आमची बोटं आपोआप जातात तिच्यात. नाना आधी बोटांच्या मागच्या बाजूनं टकटक करणार, कान लावणार, ओल बघणार, मग धरणार. आम्ही खाली दोर धरून उभे. मानेला रग लागायची. वरनं आवाज यायचा, ‘आदी उलट्या हातानं इचार, मंग सुलट्या हातानं धर. दगूड काय तुज्या बापाचा न्हाई.’

त्यांचं दुसरं खूळ म्हंजे सवाल. कुठल्याही कड्याला जायचं तर आधी पायथ्याच्या शेवटच्या घरी जाऊन बसायचं. चहा घ्यायचा. आणि सवाल विचारायचे. मोहळं कुठं बसतात? दगड कुठनं येतात? पाणी कुठं झिरपतं, आणि पाऊस थांबल्यावर किती दिवस? माकडं कुठनं वर जातात? इथं कोण पडलं होतं, आणि कशानं? आणि शेवटचा, त्यांचा लाडका: शेळी कुठं जात न्हाई?

‘नाना, शेळीचं काय मधेच?’ मी पहिल्यांदा विचारलं होतं.

‘शेळीला समदीकडं जायाचं असतं. ती जितं न्हाई जात, तितं कायतरी हाय.’

एकदा गुंजवण्याच्या वरच्या अंगाला असा कडा करायचा होता. नाना खालच्या घरी म्हातारीपाशी सवाल घेऊन बसले. पुण्याच्या क्लबची टोळी शेजारनं ‘हाय काका’ करत वर गेली. लीडर पुढं. त्याला सगळे ‘दादा’ म्हणतात. म्हातारीनं नानांना सांगितलं, डाव्या भेगेत आग्या मोहोळ हाय. नाना ओरडत पळाले वर. तोवर दादा डाव्या भेगेत. आठवडाभर त्या माणसाचं तोंड भाकरीसारखं फुगलेलं होतं. तेव्हापासून दादा नानांना ‘लेजंड’ म्हणायला लागला. चारचौघांत लेजंड, पाठीमागं कॅरेक्टर. एकाच तोंडानं.

तर या दादानं दोन वर्षांमागं परदेशची मोहीम काढली. चेक देशात कुठल्याशा गावामागं वाळूच्या दगडाचे सुळके आहेत, एकेक देवळाच्या कळसासारखा. मुक्काम सात दिवस. आम्हांतल्या कुणी तो दगड आयुष्यात पाह्यला नव्हता. आणि तिथला नियम असा की लोखंड चालत न्हाई. आपण भेगेत लोखंडी पाचरी अडकवून त्यात दोर घालतो ना, पडलो तर अडकायला? तिकडं बंदी. दगड मऊ, लोखंडानं फुटतो. तिकडं दोराच्या गाठी मारायच्या आणि त्या गाठी भेगेत कोंबायच्या. पडलात तर गाठ तारणार. न्हाईतर कुणी न्हाई.

दादाकडं लोखंडाचं सामान ट्रंकभर. गाठीतलं ओ का ठो न्हाई. आणि नाना तर लोखंड परवडत नव्हतं तेव्हापासून बैलाच्या कासऱ्याला गाठी मारून चढलेले! आला की दादा पालीला, पेढे घेऊन.

‘नाना, बेसिकली तुमच्याशिवाय ही मोहीम होऊच शकत नाही.’

नानांनी पेढ्याला उलटा हात लावला. मग खाल्ला.

टीम ठरली चौघांची. दादा, पुण्यातला एक इंजिनीअर पोरगा, नाना आणि मी. नानांनी पासपोर्टसाठी फोटो काढला. त्या फोटोत ते खांबावरून खाली बघितल्यासारखे दिसतात. आणि नानीच्या घरातली शांतता संपली.

‘ह्यांनी माजा लाकडी कलथा न्हेला!’ मला दारातच बातमी. ‘म्या झुनका कशानं हालवू? बोटानं?’

कलथा नाना गोठ्याच्या भिंतीपाशी घेऊन बसलेले. भिंतीच्या दगडांमधल्या फटी हा त्यांचा परदेश. दोराला गाठ मारायची, कलथ्यानं फटीत ठोसायची, आणि आपण लोंबकळून बघायचं. गाठींची मापं ठरवली होती: बोर, लिंबू, कवठ. ‘ह्या फटीला काय लागंल?’ ‘लिंबू.’ ‘डोळं मिटून मार.’ मी डोळे मिटून मारलेलं लिंबू सुटलं आणि मी शेणात बसलो. नाना म्हणाले, ‘तिकडं शेन नसंल.’

मग सवालांचं काय? पायथ्याचं घर तर चेक देशात. नाना म्हणाले, ‘मंग पत्र धाड.’ मी मोबाईलवर शोधून त्या गावातल्या झोपडीवजा मुक्कामाच्या मालकाला सगळे सवाल इंग्रजीत पाठवले. शेळीचा गाळणार होतो, लाज वाटली. नानांनी समोर बसून तो घालायला लावला.

चार दिवसांनी उत्तर आलं, ते पण हे लांबलचक. मालक सत्तरीचा, स्वतः जन्मभर चढलेला. लिहिलं होतं, ‘आमच्याकडं शेळ्या नाहीत. पण हरणं कुठं जात नाहीत ते नकाशावर लाल केलंय. आजवर लोक विचारतात, वायफाय आहे का. कोण कुठं पडलं हे विचारणारे तुम्ही पहिले.’ पावसाच्या सवालाला त्यानं खाली रेघ मारली होती: पाऊस झाला तर तीन दिवस दगडाला हात लावायचा नाही. वरनं सुकलेला दिसतो, आतनं ओला असतो, आणि ओला असला की मोडतो. विश्वास बसावा म्हणून तुकडे पाठवतोय.

खरंच पाठवले. आमचा पोस्टमन पुडकं घेऊन आला, फोडून दाखवा म्हणाला. आत कापसात बिस्किटासारख्या चार खपल्या.

‘नाना, पोस्टानं दगूड मागवलं? हितं कमी हायेत व्हय?’

‘हितलं दगूड मला वळकत्यात,’ नाना म्हणाले. खपली उलट्या हातानं चाचपत होते. ‘तितं कोन वळकत न्हाई. तवा कळंल मला, येतंय का न्हाई.’

पोस्टमनला कळलं न्हाई. मला कळलं. गावच्या कड्यांवर आयुष्य गेलं, प्रत्येक खाच पाठ. हे चढणं म्हणायचं का पाठांतर, हे त्यांना मरायच्या आधी एकदा बघायचं होतं. बाकी त्यांना परदेशाचं काडीचं पडलं नव्हतं.

दोन खपल्या त्यांनी कोरड्या ठेवल्या, दोन बादलीत बुडवल्या. कोरडी माझ्या दोन्ही अंगठ्यांनी मोडली न्हाई. भिजवलेली मोडली, आणि तळहातावर नुसती वाळू राह्यली. नानांनी ती वाळू फुंकली न्हाई. कागदाच्या पुडीत बांधली. हे सगळं, पावसाखालच्या रेघेसकट, त्यांनी वहीत लिहिलं, गाठींची चित्रं काढली, आणि वही दादाला दिली.

आता माझं.

मला नक्कल येते. शाळेत मुख्याध्यापकांची करायचो, स्टँडवर कंडक्टरची. नानांची तर अशी यायची की नानी आतनं ‘आले व्हय?’ म्हणायची. पुण्यात मोहिमेची मीटिंग होती. नाना आले न्हाईत. वाडीत कुणाच्या तरी अंगणात तार पडली होती आणि रिटायर झाला तरी लोक वायरमनलाच बोलावतात. दादा म्हणाला, ‘अरे, नाना नाहीत तर तू करून दाखव ना नाना!’ मी केलं. कॉफीच्या कपाला उलटा हात. खुर्चीला उलटा हात. एका पोरीच्या पर्सला ‘शेळी कुटं जात न्हाई?’ लोक टेबलं बडवत होते. एकानं मोबाईलवर घेतलं. परतीच्या एसटीत मी आपला हवेत. काय कलाकार आपण!

पंधरा दिवसांनी ग्रुपवर यादी आली. नानांच्या नावापुढं: ‘बेस सपोर्ट (भोर)’.

भोरमधनं चेक देशाला सपोर्ट! काय, दोर भोरवरनं धरायचा होता का?

मी दादाला फोन लावला. तर हा शांतपणे म्हणतो, ‘अरे तूच तर दाखवलंस ना. प्रत्येक होल्डला उलटा हात. सात दिवसांत किती रूट होणार असे? आणि तिकडच्या लोकांसमोर ते शेळी वगैरे... समजून घे ना. गाठी काय, तुला येतात आता. तू असं कर, त्यांना सांग इन्शुरन्स मिळत नाही या वयाला.’

‘खरंच मिळत न्हाई?’

‘मिळतो रे. पण असं सांगितलं की वाईट वाटत नाही.’

बघा! म्हंजे थाप पण यांना दुसऱ्याच्या तोंडनं मारायची. आणि मी काय केलं? शिवी द्यायची, फोन आपटायचा, का न्हाई? मला जायचं होतं हो. विमान मी फक्त डोक्यावरनं जाताना पाह्यलं होतं. गेलो पालीला. नाना गोठ्याशी बसून कवठ मारत होते. माझ्या तोंडातनं शब्द फुटेना, म्हणून मी दादाचा आवाज काढला. ‘नाना, बेसिकली इन्शुरन्सवाले ऐकत नाहीयेत हो.’ त्याच आवाजात सगळी थाप मारून टाकली. नक्कल एक नंबर झाली.

नाना हसले. मग हातातली गाठ सोडवली. गाठ सोडवायला त्यांना येवढा वेळ लागलेला मी कधी पाह्यला न्हाई.

‘बरं,’ म्हणाले. ‘खपल्या तरी घिऊन जा. ह्या दोन कोरड्या, ती एक वल्ली. जायाच्या आदी त्यास्नी दाखव. वहीत वाचून कळत न्हाई त्ये.’

नानी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. कलथा तिनं गोठ्याच्या भिंतीपासनं उचलला, धुतला, आणि परत भिंतीशी नेऊन ठेवला. यापेक्षा तिनं मला मारला असता तर बरं झालं असतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात भोरला एका हॉलमध्ये शुभेच्छा समारंभ झाला. शाल, नारळ, घरची मंडळी, बाकी लोक वड्यासाठी. नानांना तिसऱ्या रांगेत बसवलं आणि हातात एक गुलाब दिला. दादानं पडद्यावर चित्रं दाखवायला सुरुवात केली. ‘आमचा सहा महिन्यांचा रिसर्च.’ बघतो तर काय, नानांची वही! गाठींची चित्रं नानांची, नकाशावरचं लाल नानांनी मागवलेलं. कोपऱ्यात चहाच्या पेल्याचा गोल डाग होता, तो सुद्धा नानांचा. खाली नाव दादाचं. मी नानांकडं बघितलं. ते गुलाबाच्या देठाला उलटा हात लावून काटे मोजल्यासारखं करत होते.

‘आणि आता,’ दादा माईकवर, ‘वातावरण थोडं हलकं करूया. आमचा छोटा कलाकार सादर करतोय, धमाल वायरमननाना!’

टाळ्या. मी उठलो. खिशात खपल्यांचा डबा होता.

स्टेजवर गेलो आणि दादाच्या शालीला उलटा हात लावला. हॉल खदाखदा. मग मी नानांच्या आवाजात म्हणालो, ‘काय लीडर, पायथ्याच्या घरी जाऊन आला का?’

दादा खुशीत आला. ‘आलो ना नाना!’

‘मंग सांगा. तितं पाऊस पडला तर किती दिस थांबायचं?’

‘दिवस कसले नाना, तासाभरात वाळतो की! आपल्या सह्याद्रीत नाही का? ऊन आलं की चढायचं!’

लोक हसले. आमच्याकडं सगळ्यांना पटलं ते. आमचा काळा दगड तासाभरात वाळतोच, त्यावर आम्ही सगळे वाढलो. पण वही दाखवत होता ना हा? त्याच वहीत खाली रेघ मारलेलं होतं. यानं फोटो काढले, वाचलं न्हाई!

मी डबा उघडला. ‘हा तिकडला दगूड. कोरडा. मोडून दावा.’ दादानं जोर लावला, लाल झाला, मोडला न्हाई. ‘वा! सॉलिड आहे!’ ‘आता ह्यो घ्या. काल वला केला, वरनं पुसलाय, दिसतो सारकाच.’ त्यानं धरला मात्र, कट् झालं, आणि वाळू माईकवर सांडली. सगळ्या हॉलला तो आवाज ऐकू गेला.

पुढच्या रांगेत इंजिनीअर पोराची आई होती. ती उभीच राह्यली. ‘अहो, याच्यावर लटकणार आहे माझा मुलगा?’

दादा म्हणाला, ‘काकू, ऍक्च्युअली आपण सगळा अभ्यास—’

‘कोणी केला अभ्यास? हा दगड कोणी भिजवून बघितला?’

आणि मी तोंड उघडलं तर नानांचा आवाज येईना. दादाचा पण येईना. माझा आला, तो पण चिरका. ‘बेस सपोर्टनी,’ म्हणालो. ‘वही पण त्यांचीच. आणि इन्शुरन्स मिळतो त्यांना. मीच खोटं सांगितलं.’

दादाची जीभ मात्र बघा. लगेच म्हणतो, ‘नाना तर आपले आधारस्तंभ आहेत! या नाना, वर या.’ लाज न्हाई, अजिबात न्हाई. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या त्याला! मला अजून कळत न्हाई, त्या कशाच्या होत्या.

नाना वर आले. माईकला आधी उलटा हात लावला. कोणी हसलं न्हाई. मग म्हणाले, ‘तीन दिस थांबायचं. बाकी काय न्हाई.’ आणि खाली जाऊन बसले.

बाहेर वडा खाताना मला धरलं. ‘माजा आवाज येवढा चोंदल्याला हाय व्हय रं?’

‘न्हाई नाना.’

‘आन त्या दिशी इन्शुरन्सचं त्याच्या आवाजात बोलला. म्या वळकलं होतं. खोटं बोलायचं तर आपल्या आवाजात बोलावं. म्होरल्याला पकडाया सोपं जातं.’

‘मग त्या दिवशी का न्हाई पकडलं?’

‘तुला जायाचं हुतं न्हवं?’ म्हणाले, आणि माझ्या कागदावरची मिरची उचलली.

त्या आईनं सांगून टाकलं, वायरमन असतील तर पोरगा जाईल, न्हाईतर न्हाई. म्हणून गेलो. चौघंही. उपकार दादाचे न्हाईत, कुणी मानूही नयेत.

पोचलो त्याच संध्याकाळी पाऊस. सातातले तीन दिवस नाना आणि तो म्हातारा मालक ओसरीत बसून होते. याला त्याची भाषा न्हाई, त्याला याची न्हाई. दोराचा तुकडा एकमेकांकडं सरकवायचे. हा बोर मारायचा, तो सोडवून त्याचं काहीतरी मारायचा. दादा खिडकीत उभा राहून दर तासाला ‘ऊन आलंय’ म्हणायचा. मी त्याची नक्कल केली न्हाई. नवस होता तो माझा.

चौथ्या दिवशी मालकानं सुळक्याच्या बुडाशी वाळूत बोट खुपसून बघितलं. नानांनी दगडाला उलटा हात लावला. इतका वेळ त्यांनी बाळाच्या गालाला पण लावला नव्हता. ओठ हलत होते, मी जवळच होतो म्हणून ऐकू आलं: ‘आमी पालीचं.’

मग दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघून मान हलवली आणि नाना वर गेले. पाठ असलेली एकही खाच नव्हती. टकटक, कान, ओल, मग बोटं. लिंबू. बोर. वर एकदा बराच वेळ नुसते थांबले. दोर माझ्या हातात होता. मी वीतभर ढील सोडली. मग एक कवठ, नानीच्या कलथ्यानं ठोसून ठोसून. आणि मग ते दिसेनासे झाले आणि वरनं काहीच आवाज आला न्हाई. नाना माथ्यावर कधी ओरडत न्हाईत. वर जाणं अर्धंच काम, खाली आला तर गेला म्हणायचं.

खाली आले. पाय वाळूत टेकले. दोर सोडला.

‘नाना,’ मी विचारलं, ‘कळलं का? येतंय का न्हाई?’

त्यांनी माझ्या गालाला उलटा हात लावला, मग तो ओला हात मालकाला दाखवला आणि त्याला मराठीतच म्हणाले, ‘ह्यो वल्ला हाय. ह्याला आनी तीन दिस ठिवा.’